कोळीवाड्यांच्या मोजणीत खळी कुठे आहेत?

संपादक महोदय,

मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा विषय निघाला की घरं किती, मजले किती चढवता येतील, एवढीच चर्चा होते. मी सुकी मासळी विकते. माझा धंदा घरात नाही, घरापुढच्या खळ्यात चालतो. त्या खळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. बोंबील सुकवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. बोंबलात पाणीच फार. ऊन-वारा दोन्ही मिळाले तर दोन-तीन दिवसांत कडक होतो, वारा अडला की माल गेलाच म्हणून समजा. शेजारी उंच इमारत उठली की आमचं पहिलं नुकसान होतं ते हे. जवळा तर खालीच पसरायचा आणि सारखा खराट्याने परतायचा. ‘गच्चीवर सुकवा’ असं सांगणारे साहेब आम्हाला भेटतात. ओल्या मासळीच्या पाट्या त्यांनी एकदा चार जिने चढवून पाहाव्यात.

खळं कुणा एकाच्या नावावर नसतं, पण कुठल्या घराची वलांडी कुठे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. होळी तिथेच लागते, हळदीचा मांडव तिथेच पडतो. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा बांबू सोडून ठेवतात आणि जागा जाळी शिवायला लागते. आमच्याकडे मोजणीवाले आले ते नेमके भर पावसात. वलांडी दिसली नाही, मासळी दिसली नाही. नकाशात आमचं खळं रिकामं सरकारी आवार झालं. पुढच्या हंगामात तिथे दुसऱ्याच कुणाच्या गाड्या उभ्या.

कायदा नाही असं नाही. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच मुंबईतल्या मासेमार वस्त्या नकाशावर घ्यायला सांगितलं होतं. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. पण हद्द आखताना टेप घराच्या भिंतीपाशी थांबते.

आमच्या माणसांनाही मी सोडणार नाही. भाड्याच्या खोलीसाठी खळ्यात चार हात पुढे सरकलेले आमच्यातही आहेत. म्हणूनच खळ्याची नोंद कुणा एकट्याच्या नावावर नको, सगळ्या कोळीवाड्याची मिळून हवी. एकट्याच्या नावावर झाली तर बिल्डर दुसऱ्या दिवशी दारात.

आमची मागणी मोठी नाही. मोजणी हंगामात करा, ऑक्टोबर ते मे. सोबत बायकांना घ्या. पुरुष दर्यावर असतात, खळं आम्ही सांभाळतो. सुकवण्याची जागा, होड्या ओढायची वाट आणि होळीचं मैदान नकाशावर वेगवेगळं दाखवा. तो नकाशा मराठीत कोळीवाड्यातच लावा आणि हरकतीची मुदत नारळी पौर्णिमेच्या धामधुमीत संपवू नका.

– एक सुकी मासळी विक्रेती, मुंबई