बाबांचा शब्द अडतो तेव्हा: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर बरंच विचारलंस, पण कुकरच्या शिट्ट्यांत आणि घाईत ते नीट सांगता आलं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. हे पत्र बाबांसमोर बसून वाच. त्यांच्याविषयी त्यांच्या माघारी कुजबुजायचं नाही, एवढं आपल्या घरात ठरवूनच टाकू. शेवटचा भाग बाबांचा आहे. तो वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. तो कागद त्यांच्याच हातात दे.

बाबांची जीभ जड झालेली नाही. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला. उजवा हात तिथूनच हलतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते, म्हणून दोन्ही एकदम अडलं. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या फाइलवर अफेझिया लिहिलेलं दिसेल. चष्मा कुठे ठेवलाय, तो कशासाठी लागतो, हे बाबांना पक्कं माहीत आहे. ‘चष्मा’ हा शब्द हाताला लागत नाही आणि त्याच्या जागी ‘चमचा’ बाहेर पडतो. कधी जवळच्या आवाजाचा शब्द येतो, कधी जवळच्या अर्थाचा. तुला ते ‘आई’ म्हणून हाक मारतात, तेव्हा तू कोण आहेस हे ते विसरलेले नसतात. तू गोंधळू नकोस, ‘ओ’ दे आणि त्यांच्याकडे बघ. ही विस्मृती नाही.

म्हणूनच वेखंड उगाळून जिभेला लावायचा किंवा अक्कलकारा मधातून चाटवायचा सल्ला मिळाला, तर प्रेमाने नाही म्हण. अक्कलकाऱ्याने जीभ चुणचुणते आणि लाळ सुटते. गिळायला त्रास असलेल्या माणसाला तीच लाळ ठसका आणते. मेणबत्त्या फुंकणं, फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं यानेही शब्द सापडत नाहीत. बोलणं सुधारतं ते बोलूनच.

बाबा अख्खी आरती म्हणतात, बे एके बे पासून पाढा म्हणतात, मग पाणी का मागता येत नाही, असं तू विचारलंस. लहानपणापासून घोकलेलं एकसंध साखळीने येतं. एक कडी हलली की पुढची आपोआप हलते. त्यात शब्द शोधावा लागत नाही, पाणी मागताना शोधावा लागतो. म्हणजे ते हट्ट करत नाहीत. या साखळीचा उपयोग मात्र करून घ्यायचा. वार म्हणायला सुरुवात करा: सोमवार, मंगळवार… आणि तू ‘बुधवार’ला थांब. तो शब्द त्यांचा. किंवा ‘पाणी दे’ हे दोन सुरांत, जरा लांबवून म्हण, आणि त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर प्रत्येक अक्षराला ठेका धर. आधी तू, मग दोघं मिळून, मग तुझा आवाज हळूहळू कमी करत ते एकटे. पण नुसतं पाठांतर घेऊन ‘आज खूप बोलले’ असं मानू नकोस.

आता रोजचा सराव. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. एका बैठकीत पाच-सहाच वस्तू, त्याही त्यांच्या रोजच्या हाताळणीतल्या. समज, गाळणी समोर ठेवलीस.

आधी दहापर्यंत मनात मोज आणि काही बोलू नकोस. हे सगळ्यात अवघड आहे, कारण तुझ्या ओठांवर शब्द तयार असतो. नाही आला, तर हाताने चहा गाळायची खूण कर. मग वाक्य अर्धं सोड: ‘चहा कशाने गाळतो? चहा गाळायची…’ तरीही अडलं तर पहिला आवाज दे, ‘गा…’, आणि तो देताना त्यांना तुझं तोंड दिसू दे. शेवटी दोघं मिळून म्हणा, ‘गाळणी’. मग त्यांनी एकट्याने दोनदा. पुढे सरकायच्या आधी पाटीवर किंवा वहीत तो शब्द लिहून त्यावर बोट फिरवायला सांग.

इथेच काम संपत नाही. तोच शब्द एका मिनिटाने पुन्हा विचार, मग दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. मधे दुसरं काही चालू असू दे. चुकला की आधीच्या अंतरावर परत ये. कोणत्या मदतीने शब्द आला ते वहीत एका अक्षराने टिप: ख म्हणजे खूण, व म्हणजे वाक्य, आ म्हणजे आवाज, स म्हणजे स्वतः. पंधरा दिवसांनी स्पीच थेरपिस्टला ही वही दाखवलीस की तुझ्या ‘बरं चाललंय’पेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळेल.

शब्द अडल्यावर त्याच्याभोवती फिरायलाही शिकवायचं. ते कुठे असतं? कशाचं असतं? कोण वापरतं? ‘स्वयंपाकघर… चहा… जाळी…’ एवढं बाबांकडून आलं तरी निरोप पोचला. तो पोचला की शाबासकी दे आणि गाळणी दे. ‘नाही, आधी नीट म्हणा’ असं करू नकोस. कळूनही न कळल्याचं सोंग केलं, की माणूस बोलायचाच थांबतो.

वाक्यांत प्रत्यय आणि क्रियापदं गळतात: ‘पुस्तक… टेबल’. तू सहज पूर्ण करून म्हण, ‘हो, पुस्तक टेबलावर आहे.’ त्यांच्याकडून वदवून घेऊ नकोस.

‘हो’ आणि ‘नाही’ची उलटापालट होते, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मान डोलावतात आणि मग जेवत नाहीत. एकदा जोडीने दहा प्रश्न विचारून बघ: आपण पुण्यात राहतो का? आपण नागपुरात राहतो का? आठ-नऊ बरोबर आले, तर त्यांच्या हो-नाहीवर विसंबता येईल. नाही तर कागदावर दोन पर्याय लिही, ‘भेंडी’ आणि ‘कोबी’, आणि बोट ठेवायला सांग. औषध, दुखणं आणि पैसे या तीन बाबतींत नुसत्या मानेवर कधीच जाऊ नकोस.

शंभर पानी वही आण. एक पान माणसांचं, फोटो चिकटवून. एक खाण्याचं. एक शरीराच्या चित्राचं, कुठे दुखतं ते दाखवायला. एक शून्य ते दहा आकड्यांचं, किती दुखतं ते दाखवायला. आणि एक पुण्याच्या नकाशाचं: लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, सारसबाग, स्वारगेट, बँक, दादाचं घर. बाबांना गोष्टी सांगायच्या असतात आणि त्यांच्या बहुतेक गोष्टींना ठिकाण असतं. बोट नकाशावर गेलं की तुला विषय कळेल. सराव हवाच, पण सगळा दिवस त्याचा होऊ देऊ नकोस, बाबांना गप्पाही हव्यात.

त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद, मिक्सर बंद, एका वेळी एकच माणूस. कट्ट्यावरची मंडळी भेटायला येतात ते फार चांगलं आहे, पण दोघा-दोघांनी यावं असं सांग. मोठ्याने बोलायची गरज नाही, कान ठीक आहेत. वाक्य लहान, मधे थांबा, आणि विषय बदलताना तसं सांगून बदला.

आता गिळण्याचं. यात मात्र जराही ढिलाई नको. सगळ्यात धोक्याचं असतं साधं पाणी. ते पातळ असल्यामुळे घसा सावरायच्या आत श्वासनलिकेकडे घसरतं. म्हणून बाबांना आयडीडीएसआय या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरच्या दुसऱ्या पातळीचं दाट पाणी सांगितलंय. ही पातळी अंदाजाने ठरवायची नाही. दहा मिलीची सिरिंज घे, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली. सुई नको, दांडाही काढ. तोंडाशी बोट लाव, दहाच्या रेघेपर्यंत दाट केलेलं पाणी भर, बोट काढ आणि बरोबर दहा सेकंदांनी परत लाव. आत चार ते आठ मिली उरलं पाहिजे. चारहून कमी उरलं तर ते पातळ आहे, आठहून जास्त उरलं तर गरजेपेक्षा घट्ट. चहा असेल तर तो पिण्याइतका कोमट झाल्यावर मोज, कारण गरम असताना वेगळा आकडा येतो.

थिकनर, म्हणजे पाणी दाट करायची पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाल आणि सांगितलेली मिनिटं थांब. कॉर्नफ्लोअर घालून काम भागेल असं वाटेल, पण स्टार्च लाळेने तोंडातच पातळ होतो आणि जे टाळायचं तेच घडतं.

बसवायचं खुर्चीत, ताठ, पाय जमिनीला टेकलेले. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. चहाचा चमचा, म्हणजे पाच मिली, एक घोट. तोंड रिकामं झालं का ते बघून मगच पुढचा. उजव्या गालात घास साठतो, त्यांना कळत नाही, तेव्हा जेवण झालं की तिथे बघ. गुरगुट्या भात, घट्ट वरण, फेटलेलं दही चालेल. आमटी-भात नको: पातळ आमटी पुढे पळते आणि भात मागे राहतो. चुरमुरे, चिवडा, कढीपत्ता तरंगणारं ताक, संत्र्याची फोड, काहीच नको. पेंगत असताना भरवू नकोस. हनुवटी छातीशी टेकवून गिळायची युक्ती त्यांच्या थेरपिस्टने सांगितली असेल तरच कर, काहींना तिचा उलट त्रास होतो.

गिळल्यावर ‘आ’ म्हणायला सांग. आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा आला तर थांब. ठसका आलाच नाही म्हणजे सगळं खाली गेलं असं समजू नकोस, काही जणांच्या फुप्फुसात अन्न बिनखोकल्याचं जातं. संध्याकाळी ताप, कफ वाढणं, श्वास जोरात चालणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि जेवणानंतर दात व जीभ घासणं चुकवू नकोस. तोंडातले जंतू कमी, तेवढा न्यूमोनियाचा धोका कमी.

थेरपिस्ट निवडताना दारावरच्या पाटीपेक्षा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचार. शिक्षण बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी. पुढच्या सहा आठवड्यांत नेमकं काय बदललेलं दिसेल, असं विचार आणि ते लिहून घे. तुला खोलीबाहेर बसवत असतील तर मला ते पसंत नाही. तू बघितलं नाहीस तर घरी काय करणार? चित्रं बघ. बर्फाचा माणूस आणि ब्लूबेरी ओळखून बाबांना काय करायचंय? विळी, उदबत्ती, पेन्शनचं पासबुक यांची चित्रं हवीत. खर्चाचा भार वाटला तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे, तिथे चौकशी कर. आठवड्यातून एक तास थेरपी आणि बाकीचे सहा दिवस गप्प, याचा उपयोग नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते, पण नंतरही ती थांबत नाही, वर्षानंतरही सरावाने शब्द येतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यात वाचाघातामुळे कायम राहिलेला दोष वाणी आणि भाषा दिव्यांगत्वात धरलाय. प्रमाणपत्राचा विचार नंतर, प्रकृती स्थिरावल्यावर करू.

दादाच्या धाकट्याबद्दल. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नास शब्द बोलतं आणि ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडतं. तो अडीचचा झाला आणि पाच-सहाच शब्द आहेत, तर ‘आपल्याकडे मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून थांबायचं नाही. आधी कानांची तपासणी, टाळीला वळून बघतो म्हणून ऐकू येतं असं धरायचं नाही. ‘हे काय? बोल ना’ हे बंद. तो गाडी दाखवेल तेव्हा तू ‘गाडी’ म्हण, तो ‘गाडी’ म्हणाला तर तू ‘लाल गाडी’ म्हण, म्हणजे त्याच्यापेक्षा एकच पायरी वर. घरात मराठी आणि सोसायटीत हिंदी ऐकल्यामुळे मूल मुकं राहत नाही, मराठी सोडू नका.

आणि मोठी अडखळते तेव्हा ‘हळू बोल, श्वास घे’ म्हणू नका. पंधराव्या वर्षी ते सगळ्यांसमोर चूक दाखवल्यासारखं लागतं. तिच्याकडे बघत राहा, वाक्य तिचं तिला संपवू दे. ती शब्द बदलून बोलते आहे का, वर्गात हात वर करायचं टाळते आहे का, हे दादाला बघायला सांग. तोतरेपणा कानावर कमी आला तरी हे टाळणं वाढत असेल, तर थेरपी तेव्हाच हवी.

आई, दुपारी दोन ते चार बाबांनाही विश्रांती आणि तुलाही. त्या वेळेत सराव नाही. थकल्यावर शब्द आणखी अडतात, आणि ते बघून तूच खचतेस.

तुमची लेक

(वेगळा कागद)

बाबा,

हे पत्र तुमचं आहे.

तुम्हाला सगळं कळतं. मला माहीत आहे.

शब्द अडतो. थांबा. घाई नाही.

बोट दाखवा. चित्र काढा. लिहा. सगळं चालतं.

रविवारी मी फोन करीन. सकाळी १० वाजता.

चेहरा दिसेल. आई शेजारी असेल. ती बोलणार नाही.

मी विचारीन: यंदा आंबे कोणते आणू?

हापूस

पायरी