सभेइतकाच लांब चित्रपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ऐतिहासिक चित्रपटांवर लेख होता. त्यात माइक ली यांच्या ‘पीटरलू’ (२०१८) या, १८१९ साली मँचेस्टरमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या सभेवर झालेल्या कत्तलीवरच्या चित्रपटाची बोळवण ‘अडीच तासांची भाषणे’ एवढ्यावर केली आहे. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे आणि गिरणगावात वाढलेली आहे. हा चित्रपट मी तीन वेळा पाहिला. ती ओळ वाचून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

होय, त्यात भाषणे पुष्कळ आहेत. खोल्यांत, गुत्त्यांत, माळावर माणसे बोलतच असतात. कोणी अडखळते, कोणी लांबण लावते, कोणी दुसऱ्याला मध्येच तोडते. पण मताचा हक्क मागणाऱ्या माणसांकडे त्या वेळी दुसरे होते तरी काय? पैसा नव्हता, पत नव्हती. आपले म्हणणे चारचौघांत उभे राहून मांडायचे, ऐकणाऱ्याला पटवायचे आणि मग त्याला घेऊन पुढच्या गावी जायचे, एवढीच त्यांची ताकद होती. ती दाखवायची तर भाषणे कापून कशी चालतील?

१८१९ सालच्या मँचेस्टरची अवस्था वाचकांना सांगायला हवी. लाखाच्या वर वस्ती आणि सूत-कापडाच्या धंद्याची राजधानी, तरी पार्लमेंटात या शहराचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. लँकेशायर परगण्याचे म्हणून दोन प्रतिनिधी होते, आणि तेही जमीनमालकांनी निवडलेले. उलट दक्षिणेतल्या ओल्ड सेरम नावाच्या उजाड टेकडीला दोन जागा, कारण शेकडो वर्षांपूर्वी तिथे गाव होते. नेपोलियनशी लढाई संपल्यावर मजुरी कोसळली. शतकाच्या सुरुवातीला आठवड्याला १५ शिलिंगांपर्यंत कमावणारा हातमागवाला पाच शिलिंगांवर, कधी त्याहूनही खाली आला. त्यात १८१५ चा धान्य कायदा आला. देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचे इंग्रजी माप) ८० शिलिंगांवर चढेपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असा तो कायदा. जमीनदारांच्या पार्लमेंटाने जमीनदारांसाठीच तो केला. पोटाला चिमटा बसला तेव्हा विणकऱ्यांच्या लक्षात आले की भाकरीचा भाव त्या सभागृहात ठरतो आणि तिथे आपले कोणी नाही. चित्रपटातल्या घरात आई पैशापैशाचा हिशेब लावते तो प्रसंग वरवर घरगुती वाटतो, पण मताची मागणी त्या हिशेबातूनच उगवते.

१६ ऑगस्ट १८१९ ला, सोमवारी, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर सुमारे साठ हजार माणसे जमली. ओल्डहॅम, रॉचडेल, मिडलटन, स्टॉकपोर्ट, बरी अशा गावांतून मैलोन् मैल चालत आली. मिडलटनच्या जथ्यापुढे सॅम्युअल बॅम्फर्ड हा विणकर होता. त्यांचे हिरवे रेशमी निशाण आजही जपलेले आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘एकजूट आणि शक्ती’ अशा अर्थाचे शब्द आहेत. माणसांनी ठेवणीतले कपडे घातले होते, लेकरे कडेवर होती, वाद्ये वाजत होती. सभेचे मुख्य वक्ते हेन्री हंट यांनी सक्त सांगितले होते की स्वच्छ आणि शांतपणे या, हत्यार आणू नका. दोन गाड्या जोडून व्यासपीठ केले होते. हंट बोलायला उभे राहतात न राहतात तोच शेजारच्या घराच्या खिडकीतून पाहणाऱ्या मॅजिस्ट्रेटांनी अटकेचा हुकूम सोडला. आधी शहरातल्या व्यापारी-दुकानदारांचे हौशी घोडदळ तलवारी घेऊन गर्दीत घुसले, मागून कवायती फौज आली. या सबंध भागाच्या फौजेचे सेनापती जनरल बिंग त्या सुमारास यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतींना होते. मला हा तपशील खोलीभर भाषणांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

पहिला बळी दोन वर्षांचा विल्यम फिल्ड्स. मैदानाकडे धावत निघालेल्या घोडेस्वाराच्या धक्क्याने तो आईच्या हातून खाली पडला. मृतांचा आकडा आज साधारण अठरा धरतात. जखमींच्या त्या काळच्या याद्यांत ६५४ नावे आहेत आणि त्यांतल्या किमान १६८ स्त्रिया आहेत. ओल्डहॅमचा जॉन लीस हा तरुण नेपोलियनचा पाडाव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईतून जिवंत परतला होता. तो या मैदानावरच्या जखमांनी तीन आठवड्यांनी गेला. वॉटर्लूची आठवण काढूनच एका स्थानिक वृत्तपत्राने या कत्तलीला ‘पीटरलू’ म्हटले. पुढे त्या पत्राच्या संपादकाला तुरुंग दाखवण्यात आला. चित्रपट लाल डगल्यातल्या एका पोरसवदा बिगुलवाल्याला रणभूमीवरून घरी चालत आणतो आणि शेवटी त्याच डगल्यात मैदानावर पाडतो, ते यामुळेच.

माझी एक तक्रार मात्र आहे. चित्रपट थडग्यापाशी संपतो आणि पुढे काय झाले ते सांगत नाही. प्रेक्षकाला वाटेल, एवढे रक्त सांडले म्हणजे मत मिळाले असेल. नाही मिळाले. त्याच वर्षाच्या शेवटी सभा आणि वृत्तपत्रे आवळणारे सहा कायदे आले. हंट यांना अडीच वर्षे कैद झाली, बॅम्फर्डला एक वर्ष. तलवार चालवणाऱ्यांना काहीच नाही. १८३२ च्या कायद्याने मँचेस्टरला प्रतिनिधी दिले, पण मत मिळाले ते मालमत्तावाल्यांना. शहरातल्या कामगारांपैकी घरधन्यांपर्यंत मत यायला १८६७ उजाडले, खेड्यांतल्यांपर्यंत १८८४. सगळ्या प्रौढ पुरुषांना ते १९१८ साली मिळाले, त्या सभेनंतर ९९ वर्षांनी. आणि पांढरे कपडे घालून जथ्यांच्या पुढे चाललेल्या त्या बायकांचे काय? त्या नवऱ्यांसाठी, मुलांसाठी मत मागत होत्या. मँचेस्टरच्या स्त्रियांच्या सुधारणा-मंडळाच्या अध्यक्ष मेरी फिल्ड्स व्यासपीठाशी होत्या, त्यांच्यावरही वार झाले. त्यांच्या नाती-पणतींना १९१८ साली तिशीच्या वयाची आणि मालमत्तेची अट घालून मत दिले, पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

हे मी आपल्या वाचकांना का सांगते आहे? मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती. माझे वडील कापडखात्यात होते आणि यंत्रावरचे ते इंग्रजी अक्षर न् अक्षर त्यांना पाठ होते. सेंट पीटर्स फील्डवर चालत गेलेल्या गावातून आमच्या घरातली भाकरी आली, असे मला कधी कधी वाटते. आणि मताचा प्रश्नही त्याच वाटेने इथे आला. जानेवारी १९१९ मध्ये, पीटरलूच्या शंभराव्या वर्षी, हिंदुस्थानात मत कोणाला द्यायचे हे ठरवायला आलेल्या साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. ते तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. अस्पृश्यांना मत आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत, हे त्यांनी तिथे मांडले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. ते वर्ष गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या संपाचे. गिरणगाव त्या काळात मैदानांवर शिकत होते, आणि त्याचा माणूस कायदेमंडळात नव्हता. केंद्रीय कायदेमंडळात कामगारांच्या वतीने ना. म. जोशी बसत, पण सरकारने नेमलेले म्हणून, कामगारांनी निवडलेले म्हणून नव्हे. १९३५ च्या कायद्यानंतरही मत मोजक्या लोकांनाच होते.

मग १९५० साली राज्यघटनेच्या कलम ३२६ ने ते सगळ्यांना एकदम दिले. इंग्लंडने ज्या पायऱ्या शतकभर चढल्या, त्या इथे ठेवल्याच नाहीत. वाइंडिंग खात्यात काम करणारी माझी आजी जानेवारी १९५२ मध्ये पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा तिने लग्नाकार्याचे ठेवणीतले नऊवारी काढले होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, पेटीवर निशाणी होती. तिला वाचता येत नव्हते, निशाणी मात्र ओळखता येत होती. नाव विचारल्यावर तिने नवऱ्याचे नव्हे, स्वतःचे सांगितले, हे ती शेवटपर्यंत सांगत असे. उत्तरेकडच्या राज्यांत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्या वेळी यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. मँचेस्टरच्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका पडद्यावर चालू लागल्या तेव्हा मला आजीचे ते लुगडे दिसले.

आता मागणे. हा चित्रपट लालबाग-परळच्या एखाद्या सभागृहात मराठी उपशीर्षकांसह दाखवायला हवा. गिरणी कामगारांच्या वस्त्या पुसल्या जात आहेत, पहिल्या निवडणुकीत मत दिलेली माणसे नव्वदीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांची नातवंडे इंग्रजी चित्रपट पाहतात, पण आजोबांबरोबर बसून नाही. संवादांचे भाषांतर मी सुरू केले आहे. सगळ्यात जास्त अडले ते ‘रिफॉर्म’ या शब्दापाशी. आपण ‘सुधारणा’ म्हटले की रानडे-आगरकर डोळ्यांपुढे येतात. मँचेस्टरच्या विणकऱ्याला मात्र पार्लमेंटच्या जागा बदलून हव्या होत्या. मी तूर्त ‘मतसुधारणा’ लिहिले आहे, त्याहून चांगला शब्द कोणी सुचवला तर तो घेईन.

एखादी चित्रपट संस्था किंवा कामगार मंडळ पुढे आले, तर पुढच्या १६ ऑगस्टपर्यंत भाषांतर पुरे करून देण्याची जबाबदारी माझी. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, तो आपण त्यांना द्यावा. आणि ज्यांच्या घरी पहिल्या निवडणुकीच्या आठवणी सांगणारे कोणी आजही आहे, त्यांनी त्या लिहून आपल्याकडे पाठवाव्यात, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लालबाग, मुंबई