नंदू, या खेपेला गुहागरच

पुणे,
२ मार्च

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. "तारकर्ली की गुहागर? तू दोन्हीकडे जाऊन आलायस, तूच सांग," असं म्हणून तू मोकळा झालास. मी "बघू, कळवतो" म्हणालो, कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. काकू बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा समुद्राशेजारी चार दिवस राहणार आहेत. कुणाच्या तरी लग्नाला मुंबईला आल्या तेव्हा चौपाटीवर उभ्याउभ्या अर्धा तास, एवढाच त्यांचा आणि समुद्राचा आजवरचा संबंध, हे तूच बोललास. म्हणून आज सुट्टी आहे तर नीट लिहायला बसलो.

आधी तारकर्लीचं बोलतो, कारण तुझं आणि मोठ्या चिरंजीवांचं मन तिकडे आहे हे मला माहीत आहे. त्यात चूक काहीच नाही. पाण्याचा तसा रंग मी आपल्या किनाऱ्यावर दुसरीकडे पाहिलेला नाही. मालवणपासून सहा-सात किलोमीटर, पांढरट बारीक वाळू, आणि पुढे देवबागला गेलास की एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. सकाळी लवकर उठलास तर रापण ओढताना बघायला मिळते. दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस माणसं दोर धरून मागे मागे सरकत येतात, मुलांनीही हात लावला तर कुणी हाकलत नाही. जाळं वाळूवर आलं की आत तारल्यांचा एकच चकाकता ढीग तडफडत असतो आणि वर कावळे आणि घारी. माझ्या मुलाला त्या सहलीतलं तेवढं एकच आज लख्ख आठवतं.

आणि जेवण! तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, कोंबडी-वडे, वर सोलकढी. तू सावजी खाऊन वाढलेला माणूस, तुला मालवणी मसाला तिखट वाटणार नाही, पण खोबऱ्याच्या वाटपाने जिभेवर जे होतं ते वेगळंच. स्कूबाही खरंच करण्यासारखं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ खडकाळ भागात नेतात, पोहता येत नसलं तरी चालतं, सोबतचा माणूस पूर्ण वेळ धरून असतो. तेरा वर्षांच्या पोराला याहून मोठी मजा कोणती?

पण नंदू, आता तुला एक सांगायचंय, जे मी कुणाजवळ फारसं बोललेलो नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही सगळे मालवणला गेलो होतो, अण्णांनाही नेलं होतं. तुला अण्णा आठवतात. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सिंधुदुर्गाचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर झाला, हे आम्हाला घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. तटाचा घेर, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हातापायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, चहूकडे खारं पाणी असून आतल्या विहिरींना गोडं पाणी, हे सगळं त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल देव जाणे. स्वतः किल्ला मात्र कधी पाहिला नव्हता. शिक्षकाच्या पगारात तीन मुलं, राहून गेलं.

धक्क्यावर गेलो. होडी खाली, लाटेबरोबर हातभर वर, हातभर खाली. एका पायाचा तोल सांभाळून आत उडीच टाकावी लागते. अण्णांच्या गुडघ्यांनी तेव्हा जवळजवळ संप पुकारला होता. त्यांनी एकदा होडीकडे पाहिलं, एकदा पलीकडे किल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी बसतो इथे." आम्ही थोडा आग्रह केला. पण मागे रांग होती, होडीवाला घाई करत होता, मुलं नाचत होती. आम्ही गेलो.

परत आलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. अण्णा पत्र्याच्या सावलीत बाकावर बसलेले, मांडीवर आमच्या सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी पाण्याच्या बाटल्या. मुलगा धावत गेला तसे त्याला म्हणाले, "दूधबाव पाहिलीस? साखरबाव? दहीबाव?" त्याने काहीच पाहिलं नव्हतं. होडीवाल्याने तासाभरात परत यायला सांगितलं होतं, त्यातला निम्मा वेळ फोटोत गेला. मग अण्णांनीच त्याला पिशवीतल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनने किल्ला काढून दाखवला, कुठे दरवाजा, कुठे देऊळ, कुठे तिन्ही विहिरी. न पाहिलेला किल्ला. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

दोन वर्षांनी ते गेले. त्या चार दिवसांत त्यांचा पाय एकदासुद्धा समुद्राच्या पाण्याला लागला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आम्ही रोज कुठल्या ना कुठल्या बोटीवर होतो आणि ते रोज कुठल्या ना कुठल्या बाकावर.

मालवणचा यात दोष नाही. ते गाव पाण्यात उतरणाऱ्यांचं आहे. तिथली गंमत बोटीत चढल्यावर सुरू होते: किल्ला, डॉल्फिन, संगम, स्कूबा. ज्याला चढता येत नाही त्याने काठावर सामान सांभाळायचं.

आईला मात्र मी नंतर गुहागरला नेलं, आणि म्हणून तुला इतक्या ठामपणे लिहितोय.

गुहागरचं गाव कसं आहे ते सांगतो. एकच लांब रस्ता, वरचापाट आणि खालचापाट असे त्याचे दोन भाग. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला ओळीने घरं. घरामागे आगर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग. आगर संपलं की सुरूची झाडं आणि सुरू संपले की समुद्र. त्यातल्याच एखाद्या घरात खोली घ्यायची. पडवीत चहा प्यायचा आणि मागच्या दाराने निघायचं. शिंपणं झालेलं असलं की पायाखालची माती गार असते, पाटाचं पाणी झुळझुळत असतं, उन्हाचे कवडसे वरून गळत असतात. बाहेर एप्रिल भाजत असला तरी आगरात तो शिरत नाही. तुमच्या नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला ती सावलीच अर्धी सहल वाटेल. धाकटीला पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर बसवून ओढत ने, ती परत यायला मागणार नाही.

आईला काठी टेकत, मधे एकदा थांबत, पाऊण तास लागला तिथवर जायला. पण गेली ती स्वतःच्या पायांनी. घरमालकांनी एक प्लास्टिकची खुर्ची दिली होती. ती ओल्या वाळूत ठेवली, आई बसली, लाट पायाशी आली आणि परत जाताना खुर्चीच्या पायांखालची वाळू घेऊन गेली. खुर्ची एका बाजूला चांगली चार बोटं खचली. आईने माझा हात गच्च धरला, पण ऊठ म्हणाली नाही. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता. दुसरी लाट, तिसरी लाट, दर वेळी खुर्ची थोडी आणखी खाली. मग मला म्हणाली, "हा काय कुणासाठी थांबत नाही रे." बराच वेळ तशीच बसली. तिन्हीसांजेला उठवताना दोघांना धरून काढावी लागली, इतकी खुर्ची रुतली होती. काकूंना बसवशील तेव्हा पाठीमागे कुणीतरी उभं राहा, एवढं लक्षात ठेव.

जेवणाचंही बघ. काकू शुद्ध शाकाहारी, त्यातून एकादशा. गुहागरला घरगुती खानावळींत त्यांचं अगदी मनासारखं होईल: उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. एप्रिलअखेर म्हणजे हापूस उतरलेला असणार, ओले काजू सरत आलेले. तुझे मासेही मिळतात, फक्त जेवायला दुसरीकडे जावं लागेल. आपण दोघं एक दिवस रात्री जाऊन येऊ.

"पण मुलं कंटाळतील" असं वहिनी म्हणाल्या ना? नाही कंटाळत. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते, त्यात आपली गाडीच चढते. काकूंनी गाडीतून उतरायचंसुद्धा कारण नाही, काच खाली करून वाशिष्ठीचं मुख बघायचं. मुलं कठड्याला लटकतील. अंजनवेलला गोपाळगड आहे. हेदवीला दशभुजा गणपती आणि जवळच समुद्राकाठी बामणघळ, खडकातली अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि पाणी आवाज करत वर उसळतं. मुलांना कडेला जाऊ देऊ नकोस, खडक शेवाळी असतात. वेळणेश्वरचा किनारा लहान, चंद्रकोरीसारखा, तिथे एक संध्याकाळ. गावात व्याडेश्वराचं देऊळ आहेच, आणि उफराटा गणपती. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेला गणपती पश्चिमेकडे वळला म्हणून हे नाव, अशी कथा सांगतात. काकूंना ती तिथल्याच एखाद्या आजींकडून ऐकू दे.

आणि कासवं. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी तिथे अंडी घालायला येतात. अंडी हॅचरीत नेऊन सांभाळतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. आपण जाऊ तेव्हा हंगामाचं शेपूट असेल, एखादं घरटं उरलं असलं तर नशीब. ओडिशात २०२१ साली खूण लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालून गेली. सगळा भारत वळसा घालून आली! हे तुझ्या मोठ्याला सांग, तो नकाशा काढून बसेल.

रस्त्याचं गणितही गुहागरच्याच बाजूने आहे. तुम्ही नागपूरहून रात्रभर प्रवास करून पुण्याला येणार. एक दिवस आमच्याकडे पाय मोकळे करा. मग उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. सहा-सात तासांत आरामात. मालवणला थांबत थांबत नऊ-दहा तास लागतात, आणि काकूंचे पाय इतका वेळ दुमडून राहणं बरं नाही.

तारखांचं असं करू. कॅलेंडर काढ आणि अष्टमीच्या आसपासचे चार दिवस धर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत-उतरत नाही. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. तेव्हा तो सुरूंच्या जवळ येतो, काकूंना वाळूतून कमी चालावं लागेल. मुलांना मात्र ओहोटी लागल्यावर पाण्यात सोडायचं नाही, तेव्हा पाणी आत ओढतं. एरवीही गुडघ्याच्या वर नाही, आणि आपल्यातला एक जण कायम त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला.

राहता राहिला मोठा. त्याचा हिरमोड होणार, आणि तो खोटा नाही. त्याने स्कूबाचे व्हिडिओ बघून सगळं पाठ केलंय असं तू म्हणालास. त्याला तू काही समजावू नकोस, मी फोन करतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याला आमच्या पोराबरोबर मालवणला मी नेणार, हे त्याला माझ्या तोंडून कळू दे. पावसाळ्यानंतर पाणी निवळलेलं असतं, तेव्हाच स्कूबाला मजा. किल्ल्यातही नेईन, आणि तासाभरात परत फिरणाऱ्या होडीवाल्याला आधीच सांगेन की आम्हाला उशीर होणार आहे. तिन्ही विहिरी दोघांना दाखवायच्यात. अण्णांनी काढलेला तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, तो बरोबर घेऊ.

तू आता एवढंच कर. या आठवड्यात तारखा पक्क्या कळव, खोल्या लगेच भरतात. खोली तळमजल्याची आणि कमोड असलेली बघतो. काकूंचा गुडघ्याचा पट्टा आणि त्यांच्या सवयीची चप्पल आठवणीने घ्या. खुर्ची मी आमच्याच घरची गाडीत टाकतो, हातांची, रुंद पायांची, म्हणजे कमी रुतेल.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघतोय.

तुझा,
दिनू