मनू, आधी हे सिनेमे बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, कोरियन सिरियल्स झाल्या बघून, आता त्या बाजूचं आणखी काय चांगलं आहे?" तेव्हा घाईत चार नावं सांगून मी फोन ठेवला. पण हा विषय चार नावांत आटपावा असं मला वाटत नाही. म्हणून आशियातल्या माझ्या आवडत्या सिनेमांविषयी सविस्तर लिहिते आहे.

त्या मालिका तुला आवडतात याचं मला नवल वाटत नाही. जेवताना धरलेला अबोला, मोठ्यांपुढे गिळलेले शब्द, रागावूनही वाढलेलं ताट, हे सगळं तुझ्या ओळखीचं आहे. मालिकेत मात्र शेवटी कोणीतरी मनातलं बोलून टाकतं आणि मागे संगीत वाजतं. मी सांगणार आहे त्या सिनेमांत बहुतेक वेळा कोणी बोलत नाही. तुला कळेलच, अशी दिग्दर्शकाला खात्री असते. तेव्हा एक कर. सबटायटल वाचून झालं की लगेच नजर वर ने. बोलून झाल्यावर माणूस हातांनी काय करतो, कुठे बघतो, दारात किती रेंगाळतो, ते बघ. गोष्ट तिथे चालू असते.

सुरुवात कोरियापासून नको, इराणपासून कर. अब्बास कियारोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (1987). गोष्ट एवढीशी: कोकेर नावाच्या खेड्यातला अहमद नावाचा मुलगा चुकून शेजारी बसणाऱ्या मित्राची वही घरी घेऊन येतो. मित्राने पुन्हा वहीशिवाय गृहपाठ आणला तर त्याला शाळेतून काढणार, अशी तंबी गुरुजींनी दिलेली असते. मित्र दुसऱ्या गावात राहतो आणि त्याचं घर अहमदला माहीत नाही. वही परत करायची, बस्स. तो आईला सांगतो, ती म्हणते आधी अभ्यास कर. पुन्हा सांगतो, ती म्हणते बाळाला झोका दे. पुन्हा सांगतो, ती त्याला पाव आणायला पिटाळते. आजोबा तर स्वतःजवळ सिगारेटी असूनही त्याला सिगारेटी आणायला धाडतात, का, तर पोराला शिस्त लागावी म्हणून. यातलं कोणीही दुष्ट नाही. सगळे कामात आहेत, आणि एका लहान मुलाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही. नागमोडी पायवाटेने टेकडी चढत पळणारा तो पोरगा बघताना माझा जीव वर-खाली होतो. एका वहीसाठी इतका ताण कुठल्याही मारामारीच्या सिनेमात मला जाणवलेला नाही. त्यातली माणसं नट नव्हेत, बहुतेक त्या भागातलीच. 1990 साली त्याच भागात भयंकर भूकंप झाला. आपल्या सिनेमातली मुलं जिवंत आहेत का हे बघायला कियारोस्तामी तिकडे गेला आणि त्या शोधावर त्याने 1992 मध्ये दुसरा सिनेमा केला, 'अँड लाइफ गोज ऑन'. हे दोन्ही लागोपाठच्या दिवशी बघ.

इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर पडद्यावर काय दाखवायचं यावर कडक बंधनं आली. बाईने स्वतःच्या घरातल्या प्रसंगातही डोकं झाकायचं, नवरा-बायकोने एकमेकांना स्पर्श करायचा नाही. असगर फरहादीच्या 'अ सेपरेशन' (2011) मध्ये ही बंधनं थेट गोष्टीतच येतात. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला सांभाळायला आलेली बाई त्याचे कपडे बदलण्याआधी फोन करून विचारते, की असं केलं तर पाप लागेल का? हा प्रसंग चुकवू नकोस. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं गोल्डन बेअर आणि नंतर ऑस्कर असे दोन्ही मान त्याला मिळाले, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यातली अकरा वर्षांची मुलगी, वेगळं होऊ पाहणाऱ्या आईबापांच्या मधोमध उभी असलेली.

आता जपान. कॉलेजात असताना पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (1953) पहिल्यांदा पाहिला. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे येतं. थोरला मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. दोघांनाही वेळ नाही. मग आईवडिलांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडून दिलं जातं. तिथे रात्रभर गाण्याबजावण्याचा गोंगाट. दोघं लवकर परततात, तर मुलीकडे त्या रात्री मीटिंग. शेवटी आई झोपायला जाते ती युद्धात गेलेल्या मुलाच्या बायकोकडे, नोरिकोकडे. एका खोलीत राहणारी ही नोरिको सासूसासऱ्यांसाठी शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, उसनी आणते. सख्खी मुलं हिशेब बघतात आणि जिचं नातं कागदावरच उरलंय ती सगळं करते.

मनू, हा सिनेमा सुचवण्यात टोमणा नाही. तू घरापासून लांब नोकरी करतेस, सुट्टी मिळेल तेव्हा येतेस, याचं मला वाईट वाटत नाही. उलट शिगे, म्हणजे ती पार्लरवाली मुलगी, हिच्याकडे नीट बघ. ती वाईट नाही. तिच्याकडे गिऱ्हाइकं आहेत, नवरा आहे, घर लहान आहे. आईच्या अंत्यविधीनंतर जेवताना ती आईचा किमोनो आठवण म्हणून मागते तेव्हा राग येतो खरा, पण आई गेली तेव्हा तीच ढसाढसा रडलेली असते आणि ते रडणंही खोटं नसतं. ओझू कोणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. त्याचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेहून खाली असतो आणि जवळजवळ हलत नाही. तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून घर जसं दिसायचं, तसं हे घर दिसतं. ओझूने लग्न केलं नाही, आयुष्याचा बराच काळ तो आईजवळच राहिला आणि 1963 साली बरोबर साठाव्या वाढदिवशी गेला. स्वतःला मूल नसलेल्या माणसाला मुलांविषयी इतकं कुठून कळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

अकिरा कुरोसावाचे पाहावे तितके थोडे. 'सेव्हन सामुराई' तू बघशीलच, तो सगळेच सांगतात. मी सांगेन 'इकिरु' (1952): सरकारी कचेरीत तीस वर्षं शिक्के मारत बसलेल्या विभागप्रमुखाला कॅन्सर होतो आणि तो एक बाग उभी करायला धडपडतो. इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) हा अ‍ॅनिमेशनपट आहे म्हणून मुलांचा समजू नकोस. कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यानंतर उघडे पडलेले भाऊ-बहीण आहेत त्यात. तो एकटी असताना बघू नकोस, रूममेटला बरोबर बसव.

कोरियाकडे येताना तुला थ्रिलर आवडतात म्हणून बाँग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (2003) आधी घे. त्याचाच 'पॅरासाइट' तू पाहिलेला आहेस, हा मला त्याहून मोठा वाटतो. ह्वासोंगला 1986 ते 1991 मध्ये झालेल्या खऱ्या खुनांवर तो आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. तो 2019 मध्ये कळला, आणि तेव्हा तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच तुरुंगात होता. हे डोक्यात ठेवून शेवटचा शॉट बघ, त्यातला नट सोंग कांग-हो थेट तुझ्याकडे बघतो तो.

पण कोरियातला माझा सिनेमा ली चांग-दोंगचा 'पोएट्री' (2010). साठी ओलांडलेली मिजा नातवाला एकटीने वाढवते, एका आजारी म्हाताऱ्याकडे कामाला जाते आणि कविता लिहायच्या वर्गात नाव घालते. त्याच सुमारास तिला विसरण्याचा आजार जडल्याचं कळतं. मग उमगतं की गावातल्या एका शाळकरी मुलीने जीव दिला, त्यात तिच्या नातवाचाही हात आहे. बाकीच्या मुलांचे बाप एकत्र जमून पैशांनी प्रकरण मिटवायला निघतात आणि मिजाला त्या मुलीच्या आईकडे रदबदली करायला पाठवतात. ती शेतावर जाते. वाटेत झाडाखाली पडलेल्या जर्दाळूंकडे बघते, त्या आईशी पिकापाण्याच्या छान गप्पा मारते आणि परत फिरते. चार पावलं गेल्यावर तिला आठवतं की आपण इथे कशासाठी आलो होतो. तिचा चेहरा मी तुला सांगून कळणार नाही. नातवावर ती ओरडत नाही, उपदेश करत नाही. त्याला जेवायला वाढते, पायांची नखं कापून देते. पुढे ती काय करते ते तूच बघ. ते योग्य होतं का, यावर मला तुझ्याशी भांडायचंय.

वाँग कार-वायचा 'इन द मूड फॉर लव्ह' (2000) 1962च्या हाँगकाँगमधला, भाड्याच्या शेजारशेजारच्या खोल्यांमधला. त्यातल्या दोन शेजाऱ्यांना ज्यांनी फसवलं, त्या तिच्या नवऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा चेहरा एकदाही दिसत नाही. नायिका मॅगी चांगचा पोशाख बदलला की समजायचं, दिवस बदलला.

आणि आपलं मराठीही आशियातच आहे, बरं का. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) वेनिसच्या चित्रपट महोत्सवातून दोन पुरस्कार घेऊन आला. तो तू कॉलेजात असताना अर्धवट सोडलास. ओझूनंतर पुन्हा लाव. कॅमेरा लांब उभा राहून सगळ्यांना एकाच नजरेने का बघतो, हे आता तुला जाणवेल.

एडवर्ड यांगचा 'यी यी' (2000) मुद्दाम शेवटी ठेवलाय. तैपेईतलं एक कुटुंब, सुरुवातीला लग्न, त्यानंतर आजी बेशुद्ध. डॉक्टर म्हणतात, तिच्याशी बोलत राहा. एकेकजण खाटेपाशी बसतो आणि प्रत्येकाला कळतं की आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. आई तर रडते, की रोजचा दिवस सारखाच, दोन मिनिटांत संपतो. आठ वर्षांचा यांग-यांग मात्र आजीशी बोलायला तयारच होत नाही. तो लोकांच्या पाठमोऱ्या डोक्यांचे फोटो काढत फिरतो. का, तर माणसाला स्वतःची मागची बाजू दिसत नाही, म्हणून तो दाखवतोय. जवळजवळ तीन तासांचा आहे, पण एकदाही घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही. तो तू एकटीने बघू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा इथे बघू, बाबांनाही बसवू.

येत्या शनिवारी 'फ्रेंड्स हाउस' लाव, जेमतेम दीड तासाचा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि वेग वाढवून बघू नकोस. कुठला आवडला नाही तर तेही मोकळेपणाने कळव, आणि 'पोएट्री' झाला की रात्र असली तरी फोन कर.

तुझी,
आई