मोहाशी लढायला माणसाला एकटे सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हापासून व्यसनांवर बरेच बोलले जात आहे. कायदा हवाच होता. पण जो तो शेवटी ‘मनाचा निर्धार हवा’ यावर येऊन थांबतो, आणि तिथे मला गप्प बसवत नाही. निर्धार करून करून थकलेली माणसे माझ्या घरी येतात.

मी भुसावळचा. रेल्वेतून निवृत्त झालो, आता आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच म्हणून काम पाहतो. आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते कुटणे जुनेच आहे. पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि माणसे पारावर डाव मांडायची. सण सरला की गड्डी फळीवर जायची. आता ती खिशात असते आणि आखाजी बारा महिने चालते.

मंडळीतल्या एका तरुणाचे सांगतो. पगार झाला की रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन डाव लावायचा. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, लेकीची घेतली, पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवूनही घेतली. दर वेळी मोडली. शपथ मोडलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर उपासनेला यायचे बंद करतो. पाळकसाहेबांना तोंड कसे दाखवू, हा एकच घोर. जिथे आधार मिळायचा तेच दार तो स्वतः लावून घेतो.

त्याला मी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचून दाखवला. जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नको तेच वाईट मी करतो, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. पोराने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतले, ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचले आणि म्हणाला, “काका, हे खरंच पौलानं लिहिलंय?” त्यानंतर तो पहिल्यांदा कर्जाचा खरा आकडा बोलला. बायकोलाही तो माहीत नव्हता.

आमच्या विश्वासात आधी सुधार आणि मग देवाकडे ये, असा हिशेब नाही. ख्रिस्त पाप्याला आहे तसा जवळ घेतो, आणि जवळ घेतलेल्या माणसाला लढायचे बळ येते. यावर कोणी म्हणेल की ही पापाला मोकळीक झाली. पौलाने हीच शंका त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात काढली आहे आणि ठाम नकार दिला आहे. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू उतरायला गेला तो लोकांनी नावे ठेवली असतानाच, आणि लुबाडलेले चौपट परत करायची भाषा जक्कयाच्या तोंडी त्यानंतर आली.

परीक्षेबरोबर देव निभावण्याचा उपायही करतो, असे करिंथकरांस पहिल्या पत्रात वचन आहे. तो उपाय बहुधा अगदी साधा असतो. हा पोरगा पगाराच्या दिवसांत रात्रीचे जेवण झाले की आमच्याकडे येतो. मोबाइल कळण्याच्या पिठाच्या डब्यावर ठेवतो. पडदा उजळला की त्याची मान तिकडे वळते, अंगठा गुडघ्यावर घासत राहतो. मग आम्ही पाठ केलेली वचने मोठ्याने म्हणतो. येशूनेही अरण्यात चाळीस दिवस उपाशी असताना सैतानाला तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातल्या वचनांनीच उत्तर दिले होते. एटीएम कार्ड आता बायकोकडे असते, तेही प्रार्थनेइतकेच गरजेचे आहे.

तो मध्यंतरी पुन्हा घसरला. त्याच रात्री त्याने फोन केला, आणि मला ते फार मोठे वाटते. किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असे येशूला त्याचा शिष्य पेत्र याने विचारले होते. साताच्या सत्तर वेळा, हे उत्तर आपण रविवारी ऐकतो आणि सोमवारी विसरतो.

माझी खरी तक्रार आमच्या मंडळ्यांकडेच आहे. साक्ष द्यायला उभा राहतो तो सुटलेला माणूस. जो अजून अडकलेला आहे, काल रात्रीच पडला आहे, त्याला बोलायला आपल्याकडे जागा नाही. आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, हे याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात मंडळीलाच लिहिले होते. अमेरिकेत 1935 साली दोन दारुड्यांनी एकमेकांजवळ मन मोकळे करून जी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू केली, तिची मुळेही एका ख्रिस्ती गटाच्या अशाच कबुलीच्या बैठकांत होती. आज कोणत्याही धर्माचा माणूस तिथे बसतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. थरथर सुटते, फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टरांकडे न्या आणि दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ प्रार्थना करा.

जळगावपासून नवापूर, चिंचपाड्यापर्यंतच्या मंडळ्यांना माझी विनंती आहे की आठवड्यातली एक संध्याकाळ अशा माणसांसाठी ठेवा. भाषण नको, वर्गणी नको. ऐकलेले बाहेर न बोलणारी दोन-तीन पोक्त माणसे बसवा. बायाबापड्यांसाठी वेगळी बैठक ठेवा, कारण कर्जाचे ओझे त्यांच्या डोक्यावर आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे हे सुरू झाले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ