बंटीला ते काम करू द्या

पर्थ,
रविवार संध्याकाळ

तीर्थरूप बाबा आणि आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार. बंटी, हे पत्र आजीसमोर नुसता मोबाईल धरून दाखवू नकोस. तिच्याजवळ बस, मोठ्याने वाच, आणि तुझ्याबद्दलचा भाग आला म्हणून गाळू नकोस.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. पोळ्या रविवारी करून ठेवते, त्या गुरुवारपर्यंत पुरतात. खोकला केव्हाच गेला. आई, परवा फोनवर तू ऐकलास तो खोकला नव्हता, पाणी पिताना ठसका लागला होता. वजनही कमी झालेलं नाही, फोटोत तसं दिसतं. रात्री एकटी फिरत नाही. थंडी सरत आलीय. लॅबचं तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, त्यात नवीन काही नाही.

पत्र लिहायचं कारण बंटीचं नाटक. फोनवर तो विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात, आई माझ्या जेवणावर येते, आणि तोवर इथे मध्यरात्र व्हायला येते. अडीच तास पुढे असल्याचा हा तोटा. म्हणून सगळं सलग लिहिते.

बाबांचं म्हणणं मला कळलं. चांगल्या घरातला मुलगा, पहिल्यांदा मोठ्या एकांकिकेत घेतलाय, आणि काम कसलं, तर शेतकऱ्याच्या गळी पडून द्राक्षबाग गिळणाऱ्या जमिनीच्या दलालाचं. प्रेसमधले सगळे जुने सहकारी बघायला येणार. आईची काळजी निराळी. बंटीच्या कपाटाच्या दारावर बॅटमनच्या सिनेमातल्या खलनायकाचं, जोकरचं चित्र आहे आणि कुणीतरी तिला मोबाईलवर पाठवलं की ते काम करणारा नट त्या भूमिकेच्या पायीच गेला.

आई, तो नट याच गावचा. हीथ लेजर 1979 साली इथे पर्थमध्ये जन्मला, इथेच शाळेत शिकला. त्यामुळे त्याच्याबद्दल इथली माणसं घरच्यासारखी बोलतात, आणि तुला आलेला तो मेसेज ऐकला की चिडतात. तो गेला 22 जानेवारी 2008 ला, न्यूयॉर्कमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. दुखण्याची, झोपेची आणि अस्वस्थतेची अशी डॉक्टरी औषधं एकत्र पोटात गेली, तो अपघात होता, असंच तिथल्या तपासणीत निघालं. 'द डार्क नाइट'चं त्याचं शूटिंग त्याच्या काही महिने आधीच संपलं होतं, तो पुढच्या सिनेमाला लागलाही होता. झोप लागत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं होतं, ते मी लपवत नाही. पण जोकरचं काम करताना जितकी मजा आली तितकी दुसऱ्या कुठल्याच कामात आली नाही, हेही त्यानेच सांगितलं होतं. त्याच्या सख्ख्या बहिणीनेही नंतर हेच सांगितलं, की त्या भूमिकेने तो खचलेला नव्हता. मी बहिणीचं खरं मानते. तूही मान.

मी तो सिनेमा इथे मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिला, लॅबमधल्या मैत्रिणीसोबत. तिकीट तिने काढलं होतं, पैशाची काळजी नको. नाशिकला मी आणि बंटीने तो घरी बघितला होता तेव्हा मला फक्त रंगवलेलं तोंड आणि स्फोट दिसले होते. या वेळी मी त्या माणसावरून नजर काढली नाही.

एक प्रसंग सांगते. जोकर पोलिसांच्या कोठडीत बसलाय. समोर एका अधिकाऱ्याला बढती मिळते आणि सगळे टाळ्या वाजवतात. हासुद्धा वाजवतो. बसल्या जागी, सावकाश, मान जराशी पुढे, आणि तोंडावर काहीही नाही. रंग ओघळलेला, केस तेलकट, डोळे स्थिर. त्याला तिथे एकही वाक्य नाही. तरी पोटात गोळा येतो, कारण कोठडीत कोण आहे आणि बाहेर कोण, हेच क्षणभर कळेनासं होतं.

दुसरा प्रसंग हॉस्पिटलमधला. नर्सचा वेश करून तो एका भाजलेल्या माणसाच्या खाटेपाशी बसतो. त्या माणसाचं सगळं याच्यामुळेच गेलंय. आणि हा त्याच्याशी किती हळू बोलतो! समजूत घालतो, त्याच्या हातात पिस्तूल देतो, नळी स्वतःच्या कपाळाला लावून घेतो. ओरडणं नाही, दात-ओठ खाणं नाही. एखाद्या नातेवाइकाने आजाऱ्याची विचारपूस करावी तसं सगळं चाललेलं असतं, आणि तेवढ्या वेळात एका सरळ माणसाचा पार सैतान झालेला असतो.

बंटी, तुझ्या दलालासाठी हे बघून ठेव. तो ओट्यावर येऊन दमदाटी करणार नाही. तो आधी पाणी मागेल, गारपिटीने किती नुकसान झालं ते विचारेल, पोरीच्या लग्नाचं काढेल. शेतकऱ्याचं दुखणं त्याला शेतकऱ्याच्या भावापेक्षा जास्त माहीत असेल. प्रेक्षकांना वाटलं पाहिजे, अरे, हा तर भला माणूस दिसतो. मग सही.

बाबा, यातला काही भाग नक्कल करून येत नाही, त्याला बसून अभ्यास लागतो. लेजरने साधारण महिनाभर हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं. वही ठेवली, वेगवेगळे आवाज काढून पाहिले, तो माणूस हसेल कसा ते शोधलं. त्याचा आवाज एका वाक्यात वर जातो आणि खाली येतो, तो तिथे सापडलेला. तोंड रंगवताना तो कपाळ-गाल मुद्दाम आक्रसून धरायचा, म्हणजे सुरकुत्यांच्या फटीत रंग शिरत नसे आणि तोंड कित्येक दिवस न धुतल्यासारखं दिसे. गालावर चिकटवलेले व्रण सैल व्हायचे, ते सावरायला तो जिभेने ओठ चाटायचा, आणि तीच पुढे त्या पात्राची खोड झाली, असं सांगतात. ओलिसांना कॅमेऱ्यासमोर बसवून जोकर जे व्हिडिओ काढतो, ते दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने त्यालाच चित्रित करायला दिले होते. इतका विश्वास टाकला होता त्याच्यावर. आणि निवड जाहीर झाली तेव्हा मात्र लोकांनी आरडाओरडा केला होता, हा गोरागोमटा प्रेमकथांमधला पोरगा काय जोकर करणार म्हणून.

ऑस्कर 22 फेब्रुवारी 2009 ला जाहीर झालं. तो नव्हता. आई, वडील आणि बहीण मंचावर गेले आणि त्यांनी त्याच्या वतीने ते घेतलं. गेल्यानंतर अभिनयाचं ऑस्कर मिळालेला त्याआधी एकटा पीटर फिंच होता. बाबा, मुलाने खलनायकाचं काम केलं म्हणून त्या वडिलांना मान खाली घालावी लागली नाही. इथे नॉर्थब्रिजमध्ये सरकारी नाट्यगृहाला 2011 पासून हीथ लेजरचं नाव आहे. मी बाहेरून जाते तेव्हा मला आपलं शालिमारचं कालिदास आठवतं. आतलं नाटक एकदा बघणार आहे, तिकिटं जरा स्वस्त झाली की.

आणि परदेशातलंच कशाला? आजी, टीव्हीवर निळू फुले दिसले की तू हातातली भाजी ठेवून 'मेल्या, तुझं वाटोळं होईल' म्हणायचीस. ते गृहस्थ पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, सेवादलाच्या कलापथकातून पुढे आले आणि आयुष्यभर सामाजिक कामात राहिले. 'सामना'तला हिंदुराव पाटील आठव. तेही आवाज चढवत नसत. मान किंचित तिरकी, आवाज मऊ, आणि समोरच्याचा थरकाप. तू शिव्या द्यायचीस ती त्यांना मिळालेली दादच होती. आपण पंचवटीतली माणसं. सीतागुंफा आपल्यापासून चालत पाच मिनिटांवर. रावणाचं सोंग कुणी घेतलंच नसतं तर ती गोष्ट पुढे सरकली असती का?

लेजरला निरोप दिल्यावर त्याचे घरचे आणि मित्र इथल्या कॉटस्लो समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले. मी तिथे जाते कधी कधी. हो, फक्त पाय बुडवते. आणि मी पाठवलेल्या एका फोटोतल्या माणसाबद्दल आजीने विचारलं होतं, हा अनवाणी दुकानात कसा, कुणाचा नवस फेडतोय. आजी, नवस नाही. इथे माणसं अनवाणीच हिंडतात. समुद्रावरून निघाली की तशीच गाडी चालवतात, तशीच किराणा आणायला जातात, रांगेत उभी राहतात, दूध घेतात आणि निघतात. गरिबी म्हणून नव्हे, गाडी चांगली असते आणि चप्पल तिच्यात पडलेली असते. दुकानदार काही म्हणत नाही. लहान मुलंही तशीच. समुद्राकाठी पाय धुवायला नळ असतात, पण धुतलेच पाहिजेत असंही नाही. काही हॉटेलांत मात्र पायात काहीतरी लागतं. उन्हाळ्यात डांबर इतकं तापतं की टाचा उचलून पळत रस्ता ओलांडतात, तरी घालत नाहीत. मी शेजारणीला विचारलं, पाय भाजत नाहीत का? ती म्हणाली, भाजतात. बस्स, पुढे काही नाही. आपल्याकडे सप्तशृंगी गडावर अनवाणी जाणारा माणूस दिसला की आपण हात जोडतो, त्यामुळे पहिल्यांदा मलाही काही सुधरेना. मी चप्पल घालते, निश्चिंत राहा.

आता मुख्य. दिवाळीला येणं जमत नाहीये. सुट्टी नवीन वर्षातच मिळणार आणि दिवाळीतलं तिकीट दुपटीच्या वर गेलंय. आई, रडू नकोस, फराळाचं पार्सलही पाठवू नकोस, इथे कस्टमवाले खाण्याचं कडक तपासतात. जानेवारीत नक्की येते. बंटीचा प्रयोग माझ्याशिवाय होणार, त्याचं मला खूप लागलंय, म्हणून तुम्ही तिघंही जा. आजीला जिन्यावरून सांभाळून न्या.

बाबा, एक लिहू का? मला इकडे पाठवताना तुम्ही एफडी मोडलीत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. आजीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर बाकड्यावर बंटी बसला होता, मी नव्हते. लाईट बिल, गॅस, तुमच्या बीपीच्या गोळ्या, सगळं तोच बघतो. तो तिथे आहे म्हणून मी इथे निर्धास्त नोकरी करते. त्याने आजवर घरात काही मागितलेलं नाही, हे एक काम मागतोय.

कर्जाचा हप्ता 5 तारखेला जाईल. त्याशिवाय या महिन्यात थोडे जास्त पाठवतेय. त्यातले आजीच्या दुसऱ्या डोळ्यासाठी बाजूला काढा, बाकीचे बंटीला तालमीला जाण्या-येण्याच्या पेट्रोलला द्या. एफडी परत करायची मी विसरलेले नाही.

पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो, मी नाही म्हणत नाही. पण पत्रिका जुळली म्हणून लगेच शब्द देऊ नका. जानेवारीत भेटेन, दोनदा तरी बोलेन, आणि मी आणखी दोन वर्षं इथे नोकरी करणार हे त्यांना आत्ताच स्पष्ट सांगा. लपवून ठेवलंत तर पुढे मलाच निस्तरावं लागेल. आत्याला म्हणावं, वय निघून चाललेलं नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बंटीच्या तालमीला एकदा जाऊन बसा. त्याला आधी सांगू नका, मागच्या खुर्चीत बसा, आणि तुम्हाला काय वाटलं ते मला फोनवर तुम्हीच सांगा, आईकडे फोन न देता.