‘निष्क्रिय’ लिहिलंत, पण कधीपासून?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका साठवण तलावाचा भूगर्भीय अहवाल गेल्या महिन्यात ग्रामसभेत वाचून दाखवला. त्यात भ्रंशाबद्दल, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात अशा खडकातल्या भेगेबद्दल, एकच ओळ होती : ‘परिसरातील भ्रंश निष्क्रिय असल्याने विचारात घेतलेला नाही.’ वाचणारे पुढच्या पानावर गेले. मी उठून विचारलं, निष्क्रिय म्हणजे किती वर्षांपासून आणि ते कशावरून ठरवलं? उत्तर मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

मी औसा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही गणपती बोळवून जेमतेम आडवे झालो होतो. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी आमची घरं. त्या धाब्यांखाली किती माणसं गेली ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशीपर्यंत देशाच्या भूकंप नकाशात लातूर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होतं. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले, लोक घराबाहेर झोपले, तरी नकाशा होता तसाच राहिला. २००२ मध्ये भूकंप संहिता सुधारली तेव्हा आम्ही तिसऱ्या क्षेत्रात गेलो.

भूकंपानंतर शास्त्रज्ञ आले. किल्लारीच्या पश्चिमेला शेतांमधून साधारण किलोमीटरभर जमीन फुगून वर आली होती, कुठे कुठे अर्धा-पाऊण मीटर. त्या फुगवट्याला आडवे चर घ्यायचे होते. कॉलेज बंद होतं, मी रोजाने गेलो. खणण्यापेक्षा चराची भिंत साफ करण्यातच जास्त वेळ जायचा. खुरप्याने तासायची, कुंच्याने झाडायची, खिळे ठोकून सुतळीचे चौकोन बांधायचे. वर काळी, खाली चुनखडीचे खडे असलेली माती, मग मुरूम, मग मांजऱ्या. आमच्याकडे विहीर खणलेल्या कुणालाही हे थर तोंडपाठ असतात. फक्त इथे खालचा खडक तिरपा वर सरकून मातीवर चढला होता. चरातल्या एका सरांनी मला उकिडवं बसवून दाखवलं : भ्रंशाने कापलेला सर्वांत वरचा थर कोणता ते बघ, आणि त्याच्यावरचा न कापलेला पहिला थर कोणता ते बघ. दोन्हींचं वय काढलं की शेवटची हालचाल त्या दोन वयांच्या मधली. थरात कोळशाचा तुकडा सापडला तर कार्बनवरून वय निघतं, तेही पन्नासेक हजार वर्षांपर्यंतच. नाहीतर वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला, ते मोजतात. मी भूगोलाचा मास्तर झालो तो त्या चरामुळे.

म्हणून ‘निष्क्रिय’ हा शब्द नुसता वाचून मला पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियात १९७२ च्या कायद्याने साधारण गेल्या ११ हजार वर्षांत हललेला भ्रंश सक्रिय धरतात. जपानमध्ये अणुभट्टीसाठी हीच मर्यादा १ लाख २० ते ३० हजार वर्षं आहे. अणुभट्टीच्या इमारतीखाली सक्रिय भ्रंश असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून तिथल्या नियामकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्सुरुगाच्या दुसऱ्या अणुभट्टीला परवानगी नाकारली. म्हणजे ५० हजार वर्षांपूर्वी हललेला भ्रंश एकीकडे मोजला जाणार नाही आणि दुसरीकडे अणुभट्टी बंद ठेवील. मग आमच्या अहवालातलं ‘निष्क्रिय’ यातलं कोणतं?

आमच्या जमिनीत तर ही परीक्षा आणखी अवघड आहे. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्याच्यावर थेट काही हजार वर्षांची काळी. मधल्या काळाचे थर बहुतेक ठिकाणी नाहीतच, तेव्हा खडकातला तडा त्या कोट्यवधी वर्षांत कधी हलला ते सांगणार कोण? वरची काळी उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात मिटते. हातभर उंचवटा राहिलाच, तर नांगर आणि कुळव चार हंगामांत तो सपाट करतात. ‘जमिनीवर काही दिसत नाही’ याचा अर्थ आमच्याकडे फार थोडा होतो.

किल्लारीत तर चर उघडे असतानाही जाणकारांचं एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, हा भ्रंश नवाच फुटला. पुढे तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, त्यात सव्वातीनशे मीटरहून जास्त जाडीचा बेसाल्ट लागला आणि त्याचे थर आधीच काही मीटर सरकलेले आढळले. तेरच्या प्राचीन वस्तीतही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचं अभ्यासक सांगतात. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला २२ जानेवारी १९८८ रोजी बारा तासांत सहाच्या वरचे तीन भूकंप झाले. तिथे जमीन जिथे फाटली, त्या जागी भ्रंश असल्याचं आधी कुणाला माहीत नव्हतं. हिमालयात काही शतकांनी हलणारे भ्रंश असतात. आपल्या जुन्या भूखंडात दोन हालचालींमध्ये हजारो वर्षं जातात, त्यामुळे शांत आणि संपलेला यांतला फरक नुसत्या नजरेने कळत नाही.

गावचा साठवण तलाव म्हणजे कोयना नव्हे, हे मी जाणतो. पण ११ डिसेंबर १९६७ च्या आधी कोयनेचा प्रदेशही अचल मानला जात होता. धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले आणि मग ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याच्या कामाच्या अहवालात तरी भ्रंश एका ओळीत निकालात काढू नये. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोलीचा ४.५ चा धक्का बसला, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांचे फोन आले. लहान मुलं पुन्हा अंगणात झोपायला लागली होती.

तलावाला माझा विरोध नाही. आम्हाला पाणी हवं आहे. त्या ओळीच्या जागी एवढं लिहा : भ्रंशाला आडवा चर घेतला का, कापला न गेलेला सर्वांत जुना थर कोणता, त्याचं वय किती आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं. तपासणी झाली नसेल, तर ‘तपासलेला नाही’ असं लिहा आणि बांधाचं संकल्पन तो हलू शकतो असं धरून करा. चर घ्यायचा ठरला, तर खुरपं आणि सुतळी घेऊन मी आणि माझे दहावीचे विद्यार्थी रविवारी यायला तयार आहोत.

आपला,
एक भूगोल शिक्षक
ता. औसा, जि. लातूर